क्राऊन-पिनियनची जुनी खूण: मागच्या डिफरन्शियलच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

गाडी माझ्दा एमएक्स-५, पहिली पिढी, १९९० सालची, १.६ लिटर इंजिनाची. मागच्या दोन चाकांना इंजिनाचा जोर वाटून देणारा डिफरन्शियल साधा, म्हणजे ओपन आहे. वळणाच्या मध्यावर सगळं छान चाललेलं असतं. बाहेर पडताना जरा लवकर अ‍ॅक्सिलरेटर दिला की आतल्या बाजूचं मागचं चाक नुसतं भिरभिरतं, इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी पुढे सरकतच नाही. इतक्या तोलाच्या गाडीत हे मला दरवेळी टोचतं.

कारण सरळ आहे. ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतो. वळणात वजन बाहेरच्या चाकावर जातं, आतलं चाक हलकं होतं आणि त्याची पकड जेवढी उरते तेवढाच टॉर्क त्याला पेलतो. मग बाहेरच्या चाकाला कितीही पकड असली तरी त्याच्याही वाट्याला तेवढाच तुटपुंजा टॉर्क येतो.

उपाय ठरला टॉर्सन, म्हणजे पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क वळवणारा डिफरन्शियल. १९९४ पासून १.८ लिटरच्या गाड्या आल्या, तेव्हा मागचा डिफरन्शियलही मोठा झाला. क्राऊन, म्हणजे आतला मोठा दातेरी गिअर, ६ इंचांवरून ७ इंचांवर गेला आणि टॉर्सनचा पर्याय मिळू लागला. आधी टाइप वन होता, १९९६ पासून टाइप टू. मला टाइप टूचा एक वापरलेला मिळाला आहे. सोबत १.८ चे दोन्ही हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) आणि प्रोपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा) घेतले. ते घ्यावेच लागतात, कारण मोठ्या डिफरन्शियलचे आतले स्प्लाइन, म्हणजे शाफ्ट अडकवायच्या खाचा, वेगळे आणि पुढचा फ्लँजही, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जिला बोल्ट होतो ती चकती, वेगळा. चाकाकडची बाजू मात्र जुन्या हबमध्ये बसते.

विकणारा म्हणाला होता की अगदी शांत चालतो. फ्लँज हाताने सावकाश फिरवला तर बोटांना बारीक खरखर लागते, वाळूच्या कणांवरून काहीतरी फिरावं तशी. म्हणजे बेअरिंग गेलेली आहेत. जसा आहे तसा गाडीत चढवायचा नाही, पूर्ण उघडून नवीन बेअरिंग घालायची. काम घरीच करणार.

७ जानेवारी, रविवार

आज फक्त आकडेमोड. रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे फेरे. माझा जुना रेशो ४.३०, नव्याचा ४.१०. टायर १८५/६० आर १४, घेर सुमारे १.८१ मीटर. पाचव्या गिअरचा रेशो ०.८१४ धरला तर ताशी १०० किलोमीटरला इंजिन आत्ता मिनिटाला सुमारे ३,२१५ फेरे घेतं, ते ३,०६५ वर येईल. दीडशे फेरे कमी. लांबच्या रस्त्याला बरंच. पहिल्या दोन गिअरमध्ये ओढ किंचित कमी जाणवेल, ती मी चालवून घेईन.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून चालते, म्हणून रेशो बदलला की काटा खोटं बोलू लागतो. खरा वेग १०० असताना ९५ दाखवेल. हे चुकीच्या दिशेचं खोटं आहे. केबलच्या टोकाच्या छोट्या प्लास्टिक गिअरला २१ दात मोजले. २० दातांचा मागवला. ४.३० भागिले ४.१० म्हणजे १.०४९ आणि २१ भागिले २० म्हणजे १.०५. जमलं.

१३ जानेवारी, शनिवार

टेबलाला जाड लोखंडी पट्ट्या बोल्ट करून डिफरन्शियल नाक वर करून धरेल असा स्टँड केला. आधी तेल काढलं. काळं आणि चकचकीत. बोटांत चोळून दिव्याखाली धरलं तर चंदेरी कण दिसले. ड्रेन प्लगच्या चुंबकावर मऊ राखाडी लेप असतो तो चालतो, पण त्यात दोन खवले सापडले, नखाने उचलण्याएवढे. खवला म्हणजे बेअरिंगच्या पृष्ठभागाचा पापुद्रा सुटलाय.

मागचं कव्हर काढलं. टाइप टूच्या केसला खिडक्या असतात आणि त्यांतून आतले तिरक्या दातांचे छोटे गिअर दिसतात. पाहून समाधान वाटलं, टॉर्सन खराच आहे. चाकं उचलून एक फिरवायचं आणि दुसरं कोणत्या दिशेला फिरतं ते पाहायचं, ही चाचणी टॉर्सनच्या बाबतीत मला भरवशाची वाटत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

आज एकही बोल्ट पुढे सैल केला नाही, कारण उघडण्याआधीची मापं पुन्हा मिळत नाहीत. क्राऊन आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, हजारो किलोमीटर एकमेकांवर घासत आलेले आहेत आणि एकमेकांच्या आकाराचे झालेत. या जोडीचे दात ४१ आणि १०. दोन्हींना एकाहून मोठा सामाईक विभाजक नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला कधी ना कधी भेटतो. झीज सगळीकडे सारखी पसरते. नवीन बेअरिंग घातल्यावर ही जोडी होती त्याच जागी परत बसली तर शांत राहील. मिलिमीटरच्या शंभराव्या भागातही ती सरकली तर जुनी झीज नव्या जागी भिडेल आणि गाडी रडायला लागेल.

तीन गोष्टी नोंदवल्या.

बॅकलॅश, म्हणजे भिडलेल्या दातांमधली मोकळीक: पिनियन घट्ट धरून क्राऊनच्या दातावर डायल गेज टेकवला आणि क्राऊन हलवून पाहिला. चार ठिकाणी ०.१६, ०.१५, ०.१६, ०.१७ मिमी. मॅन्युअल म्हणतं ०.०९ ते ०.११. जास्तीचा बराचसा प्ले झिजलेल्या बाजूच्या बेअरिंगचा असणार.

पिनियन फिरवायला लागणारा टॉर्क: जवळजवळ शून्य. प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर मुद्दाम ठेवलेला दाब, संपलेला आहे.

दातांची खूण: सगळ्यात महत्त्वाची. क्राऊनचे दात पुसून कोरडे केले, सलग पाच दातांना दोन्ही अंगांनी पिवळा मार्किंग कंपाउंड पातळ लावला. क्राऊनला लाकडी पाचरीने थोडा अडसर दिला, म्हणजे दात दाबाखाली भिडतील, आणि पिनियन पुढे-मागे फिरवला. दाताच्या फुगीर अंगावर, म्हणजे गाडी ओढतानाच्या बाजूला, लंबगोल ठसा मध्यावर पण आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला. खोलगट अंगावर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर जी बाजू काम करते तिथे, तसाच पण थोडा लांबट. दोन्हींचे फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून. शिवाय पारदर्शक चिकटपट्टी दातावर दाबून ठसा उचलला आणि वहीत चिकटवला. फोटोवर उजेडाचा परिणाम होतो, पट्टीवर होत नाही.

१४ जानेवारी, रविवार

सुटं केलं. बाजूच्या बेअरिंगच्या कॅप हाउसिंगसोबतच मशीन केलेल्या असतात, डाव्याची उजव्याला चालत नाही. सेंटर पंचने डावीकडे एक ठिपका, उजवीकडे दोन ठिपके, कॅपवर आणि हाउसिंगवरही. या डिफरन्शियलमध्ये बाजूला शिमऐवजी, म्हणजे ठरावीक जाडीच्या चकत्यांऐवजी, आट्यांच्या अ‍ॅडजस्टर रिंग आहेत, त्यांच्याही जागा रंगाने आखल्या.

पिनियनचा नट सोडायला फ्लँज धरून ठेवावा लागतो. लोखंडी पट्टीला दोन भोकं पाडून ती फ्लँजला बोल्ट केली, दुसरं टोक जमिनीला टेकवलं. लांब दांड्याला भाऊ लटकला आणि नट एकदम कडाड आवाज करून सुटला.

दोषी सापडला. पिनियनच्या डोक्याकडच्या बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर, म्हणजे रोलर जिच्यावर फिरतात त्या कडीवर, करंगळीच्या नखाएवढा पापुद्रा उडालेला, त्याच्या पुढे-मागे काळपट डाग. रोलरवर त्याच ओळीत ओरखडे. सगळ्यांत जास्त भार याच बेअरिंगवर येतो आणि चाकाच्या एका फेऱ्याला ते चार फेरे घेतं, तेव्हा पहिलं तेच जाणार. क्राऊन आणि पिनियनचे दात मात्र सुरेख आहेत. गुळगुळीत, निळसर छटा कुठेही नाही, कडा शाबूत. तेल कमी पडून तापलेल्या गिअरवर निळसरपणा येतो. तो नाही हे पाहून माझा जीव भांड्यात पडला. टॉर्सनचा केस उघडला नाही. त्याला प्ले नाही, खवले नाहीत, उघडण्याचं कारणच नाही.

पिनियनखालचा शिम मायक्रोमीटरने तीनदा मोजला: ३.२६ मिमी.

२० जानेवारी, शनिवार

धुण्याचा दिवस. जुन्या रेस पितळी दांड्याने समोरासमोर टोले देत काढल्या. हाउसिंगमधला प्रत्येक कोपरा केरोसिनने ब्रशने धुतला, हवा मारली, पुन्हा धुतला. जुन्या बेअरिंगचा एक कणही राहिला तर तो नव्या बेअरिंगमध्येच जाणार. बोल्टची भोकं, तेलाची वाट, सगळं. पाचव्यांदा पांढरी चिंधी फिरवली तेव्हा ती पांढरीच निघाली.

२७ जानेवारी, शनिवार

सुटे भाग आले. चार नवीन बेअरिंग, सील, नवीन नट, क्रश स्पेसर. शिवाय डोक्याकडचं बेअरिंग मी मुद्दाम दोन घेतलं. त्याचं कारण लिहून ठेवतो, कारण मला हे समजायला बराच वेळ लागला.

पिनियन किती आत बसेल हे डोक्याच्या आणि बेअरिंगच्या मधला शिम ठरवतो. शिम जाड तर पिनियन क्राऊनच्या मध्याकडे सरकतो, पातळ तर मागे येतो. नवीन बेअरिंगची उंची जुन्यापेक्षा वेगळी असली तर शिम तोच ठेवूनही खोली बदलते. बरोबर शिम कळायला ठसा पाहावा लागतो, ठसा पाहायला पिनियन जुळवावा लागतो आणि शिम बदलायचा तर प्रेसने बसवलेलं बेअरिंग पुन्हा उपटावं लागतं. दोन-तीन वेळा उपटलं की नवीन बेअरिंगची जाळी वाकायची भीती. म्हणून दुसरं बेअरिंग फक्त मापासाठी. त्याचं आतलं भोक एमरीच्या फिरत्या गुंडाळीने एवढंच वाढवलं की ते पिनियनवर हाताने सरकेल. आतली रेस कडक पोलादाची असते, पाऊण तास लागला. जुनं बेअरिंग या कामाला घेतलं असतं तर खर्च वाचला असता, पण ते झिजलेलं. त्याची उंची खरी नव्हे.

सपाट काचेवर दोन्ही नवीन बेअरिंग आपापल्या रेसमध्ये बसवून, फिरवून, डायल गेजने ताडून पाहिली. दोघांची उंची सारखी. जुन्यापेक्षा ०.०३ ने जास्त.

नवीन रेस रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या, हाउसिंग हीट गनने कोमट केलं. रेस अर्ध्याअधिक नुसत्या हाताने उतरल्या, शेवटी दोन टोले. टोल्याचा आवाज एकदम भरीव झाला की रेस तळाला टेकली.

पहिली जुळणी, शिम ३.२६, क्रश स्पेसरशिवाय, नट हाताच्या अंदाजाने. बॅकलॅश ०.११ वर आणला, पिवळा रंग लावला, फिरवलं. ओढतानाच्या अंगावरचा ठसा दाताच्या मुळाकडे उतरलेला. वहीतल्या पट्टीशेजारी धरला तर फरक स्वच्छ दिसतो. पिनियन जरा जास्त आत गेलाय आणि ०.०३ चा हिशेबही तेच सांगत होता.

हे शिम ०.०३ च्या टप्प्याने मिळतात. ३.२३ चा घातला. पुन्हा सगळं जोडलं, बॅकलॅश पुन्हा लावला, जुना रंग पुसून नवा लावला. ठसा वर आला. मध्यावर, आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला, लंबगोल. खोलगट अंगाचाही तसाच. वहीतली पट्टी आणि आजची पट्टी एकमेकांवर ठेवून दिव्यासमोर धरली. दोन वेगळे ठसे आहेत हे कळेना.

खातरजमा म्हणून ३.२० चाही घालून पाहिला. ठसा दाताच्या माथ्याकडे चढला. म्हणजे दोन्हीकडून घेरून ३.२३ बरोबर ठरला. या एका शिमसाठी अख्खा दिवस गेला आणि मला त्याचं काही वाटत नाही. ०.०३ मिमी म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, आणि तेवढ्याने ठसा दाताच्या मुळापासून मध्यापर्यंत सरकतो, हे स्वतःच्या हातांनी केल्याशिवाय मला पटलं नसतं.

२८ जानेवारी, रविवार

आज चूक झाली.

खरं बेअरिंग प्रेसने पिनियनवर बसवलं, ३.२३ चा शिम खाली. क्रश स्पेसर घातला, पिनियन हाउसिंगमध्ये, पुढचं बेअरिंग, फ्लँज, नट. क्रश स्पेसर म्हणजे पातळ पोलादी नळी. नट आवळत गेलं की ती चुरडत जाते आणि दोन्ही बेअरिंग एकमेकांकडे दाबली जातात. तो दाब म्हणजे प्रीलोड, आणि पिनियन फिरवायला किती टॉर्क लागतो त्यावरून तो मोजायचा. मॅन्युअल: सील न बसवता १.३ ते १.७ न्यूटन-मीटर. नटाचा टॉर्क १२८ ते २८४ च्या मध्ये कुठेही चालतो, कारण प्रत्येक नळी वेगळ्या जोरावर चुरडते. खरं माप प्रीलोडचं.

सुरुवातीला कितीही आवळलं तरी पिनियन अक्षावर लटलट हालतो. मग लटलट संपते आणि तिथून पुढे सगळं फार भराभर होतं. लटलट गेल्यावर ०.४ भरलं. एक ओढ, ०.९. मला वाटलं अजून तेवढीच एक ओढ, म्हणून दांडा तेवढाच ओढला. २.३.

नट मागे घेऊन चालत नाही. चुरडलेली नळी परत फुगत नाही. नट सैल केला की प्रीलोडही जातो आणि नटाची पकडही. नळी बाद. दुसरी मागवली, या वेळी दोन.

कुठे चुकलो ते नीट आठवून लिहितो. दोन ओढींच्या मध्ये मी पिनियन फिरवला नाही. रोलर जागेवर बसायला काही फेरे लागतात, त्याशिवाय घेतलेलं माप कमी भरतं. ०.९ हे खरं ०.९ नव्हतंच.

३ फेब्रुवारी, शनिवार

नवी नळी. बेअरिंगना गिअर ऑइल. या वेळी लटलट संपल्यापासून प्रत्येक ओढ घड्याळाच्या काट्याच्या एका मिनिटाएवढी, आणि प्रत्येक ओढीनंतर पिनियन दोन्ही दिशांना दहा-दहा फेरे. मापं: ०.३, ०.६, ०.८, १.१, १.३, १.५. थांबलो.

पडताळा म्हणून फ्लँजभोवती दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने सावकाश ओढलं. फ्लँजची त्रिज्या ५० मिमी, काटा ३ किलोच्या आसपास. ३ गुणिले ९.८ गुणिले ०.०५ म्हणजे १.४७. दोन वेगळ्या साधनांनी एकच उत्तर आलं की मनातली धाकधूक जाते.

नटाचा शेवटचा टॉर्क नोंदवला: १९०. मग नट काढला, सील बसवलं, सीलच्या ओठाला ग्रीस लावून फ्लँज घातला आणि नट पुन्हा १९० वरच आणला. नटाची कड खाचेत ठोकून बंद केली.

४ फेब्रुवारी, रविवार

टॉर्सनच्या केसवर क्राऊन बसवला. दोन्हींचे टेकणारे पृष्ठभाग तेल-दगडाने हलके घासले, बोल्टच्या आट्यांना लॉकिंग कंपाउंड, समोरासमोरच्या क्रमाने तीन टप्प्यांत ७५ न्यूटन-मीटर. क्राऊनच्या पाठीवर डायल गेज लावून एक फेरा घेतला, डोलणं ०.०३. उत्तम.

बाजूची बेअरिंग, कॅप, अ‍ॅडजस्टर. इथे एक जोडीचा खेळ आहे. एक रिंग जेवढी सैल करायची तेवढीच दुसरी आवळायची, म्हणजे बेअरिंगवरचा दाब तोच राहतो आणि फक्त क्राऊन डावीउजवीकडे सरकतो. दाब पुरेसा आहे की नाही हे दोन कॅपमधल्या अंतरावरून कळतं, रिंग आवळल्या की कॅप किंचित फाकतात. मॅन्युअलमधलं अंतर मोठ्या मायक्रोमीटरने गाठलं, मग बॅकलॅश. चार ठिकाणी ०.१०, ०.११, ०.११, ०.१०.

नव्या जोडीला मी ०.०९ लावला असता. ही जुनी जोडी आहे, तिला मोकळ्या बाजूला ठेवणं मला योग्य वाटलं. शेवटचा ठसा घेतला. वहीत तिसरी पट्टी चिकटवली. तिन्ही सारख्या.

सीलंट लावून मागचं कव्हर बंद.

१० फेब्रुवारी, शनिवार

गाडी चार स्टँडवर चढवली. जॅकच्या भरवशावर कुणीही खाली जायचं नाही. स्टँडवर टेकल्यावर गाडी दोन्ही बाजूंनी ढकलून पाहिली, मगच खाली गेलो.

एक्झॉस्ट काढला, प्रोपेलर शाफ्ट काढला. शाफ्ट गिअरबॉक्सच्या शेपटीतून निघताच तिथून तेल गळायला लागतं, म्हणून जुन्या पिशवीचा बोळा आणि रबर तयार ठेवला होता. मग पीपीएफ, म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब चौकट. ती काढण्याआधी गिअरबॉक्सखाली जॅक लावलाच पाहिजे, कारण त्याचं मागचं टोक तिनेच तोललेलं असतं. डिफरन्शियलकडच्या एका बोल्टच्या भोकात पोलादी बाही असते, ती अडून बसली. भेदक तेल लावून, त्यात बोल्ट फिरवून, डोलवत डोलवत वीस मिनिटांनी निघाली.

सगळ्यांत जास्त वेळ चाकाकडच्या लांब बोल्टने खाल्ला. तो हबच्या खालून आरपार जातो आणि ३४ वर्षांचा गंज आहे. डावा सरळ आला. उजव्याला तापवणं, गार होऊ देणं, भेदक तेल, आवळणं आणि सोडणं, असं दोन तास चाललं. टोले मारून आटे बिघडवायचे नव्हते. शेवटी चिकाटीनेच निघाला.

हाफ शाफ्ट आतून सर्क्लिपने अडकलेले असतात. पहारीने झटका दिला की बाहेर येतात. जुना डिफरन्शियल ट्रान्समिशन जॅकवर उतरवताना तो एकदम कलला. "दादा, हात काढ तिथून!" भाऊ ओरडला आणि त्याने पट्टा ओढून धरला. माझी बोटं फ्लँज आणि जॅकच्या मध्ये होती. यापुढे पट्टा बांधल्याशिवाय बोल्ट सोडणार नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

नवा वर चढला. रबराचे बुश नवे घातले. पॉलियुरेथेनचे घालावेत का यावर बराच विचार केला, पण कडक बुश गिअरचा बारीकसा आवाजही थेट बॉडीत पोचवतात आणि मला आवाज ऐकायचाच आहे तर तो खरा ऐकायचा आहे. हबचे नट २५० न्यूटन-मीटरला, मॅन्युअलचा पल्ला २१६ ते २९४.

स्पीडोमीटरचा २० दातांचा गिअर आणि त्याचा ओ-रिंग बदलला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

पीपीएफची जुळणी. बोल्ट सैल ठेवून गिअरबॉक्सखालचा जॅक थोडाथोडा वर-खाली करायचा आणि गाडीच्या तळापासून चौकटीपर्यंतचं अंतर मॅन्युअलनुसार आणायचं. हे चुकलं तर प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांचे कोन जुळत नाहीत आणि ठरावीक वेगाला थरथर सुरू होते. मग माणूस डिफरन्शियलला दोष देत बसतो. बोल्ट ११५ ला.

तेल एक लिटर, ७५डब्ल्यू-९०, जीएल-५. या गिअरमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्याखालून भिडतो, म्हणून दात नुसते लोळत नाहीत, एकमेकांवर घसरतातही. त्या घसरणीत तेलाचा थर टिकवायला जीएल-५ मधली रसायनं लागतात. टॉर्सनमध्ये क्लचच्या चकत्या नाहीत, तेव्हा घर्षण बदलणारं वेगळं मिश्रण घालायची गरज नाही.

संध्याकाळी पहिली फेरी. वीस मिनिटं, हलका पाय, रेडिओ बंद, काचा वर. ताशी ६० ला शांत. ८० ला शांत. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, खोलगट अंग भिडलं, तरी शांत. घरी येऊन हाउसिंगवर हात ठेवला, कोमट. पूर्ण गार होऊ दिला आणि पुन्हा वीस मिनिटं. नव्या बेअरिंगना सुरुवातीला असं तापणं-निवणं द्यायचं.

भाऊ शेजारी बसला होता. तो म्हणाला, "काहीच ऐकू येत नाही रे." दीड महिन्यात ऐकलेलं सगळ्यात गोड वाक्य.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आज पहिल्यांदा जोर लावला, मोकळ्या बंदिस्त मैदानात, शंकू ठेवून. त्याच त्रिज्येचं वळण, दुसरा गिअर. जिथे आतलं चाक भिरभिरायचं तिथे आता मागचा भाग किंचित बसतो आणि गाडी पुढे ओढली जाते. दोन्ही चाकं काम करतात हे पाठीला कळतं.

टॉर्सनची कल्पना १९५८ च्या पेटंटची, व्हर्नन ग्लीसमन यांची. एक चाक सुटू पाहतं तेव्हा आतले तिरके गिअर केसवर दाबले जातात आणि ते घर्षणच टॉर्क दुसरीकडे वळवतं. समजा गुणोत्तर २ आहे आणि आतल्या चाकाला ३०० न्यूटन-मीटर पेलतात, तर बाहेरच्याला ६०० पर्यंत जाऊ शकतात. पण हा गुणाकार आहे. एक चाक हवेत गेलं तर शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. मैदानाच्या कडेला उंचवट्यावरून जाताना एकदा ते अनुभवलं, आतलं चाक उचललं आणि क्षणभर जुनी गाडी परत आली. हँडब्रेक दोन खटके ओढला तर त्या चाकाला थोडा अडसर मिळतो आणि टॉर्क पुन्हा वाहू लागतो. करून पाहिलं, चालतं.

स्पीडोमीटर फोनच्या जीपीएसशी ताडला. १०० ला १०१.

२ मार्च, शनिवार

८०० किलोमीटर झाले. तेल बदललं. निघालेलं तेल मधाच्या रंगाचं. चुंबकावर पातळ राखाडी लेप, बोटांत चोळला तर नुसता मऊ, कण नाही. खवला एकही नाही.

खाली पडूनच प्रोपेलर शाफ्ट हाताने डावीउजवीकडे हलवून पाहिला. बारीक टक, आणि थांबतो. पिनियनच्या सीलभोवती कोरडं. उजव्या हाफ शाफ्टच्या सीलखाली मात्र ओलसर कडा दिसते, थेंब नाही. शाफ्ट आत सरकवताना स्प्लाइन सीलच्या ओठाला लागला असावा. पुसून कोरडं केलं, भोवती खडूची पूड लावली. पुढच्या शनिवारी पुन्हा पाहणार. नवीन सील आजच मागवून ठेवलंय.